तिसरा हात : क्लॅम्पचा इतिहास आणि फळीवर 'नुसती' बसलेली आजी

१/ अवजारांचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर कुऱ्हाड, करवत, छिन्नी आणि हातोडा उभे राहतात. अश्मयुग, ताम्रयुग, लोहयुग ही कालखंडांची नावेसुद्धा आपण कापणाऱ्या आणि ठोकणाऱ्या वस्तू कशाच्या होत्या यावरून ठेवली. मात्र करवत चालू असताना ती फळी कोणी धरली होती, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. आजचा धागा त्या 'धरण्या'विषयी आहे. थोडा मोठा आहे, सवडीने वाचावा.

२/ माझे आजोबा सुतार होते. घराच्या पडवीत त्यांचे काम चाले. गेल्या दिवाळीत एम. ए.च्या प्रबंधाच्या निमित्ताने मी आजीला विचारले, "आजी, तू आजोबांना कामात मदत करायचीस का गं?" ती हसली. म्हणाली, "मी कसली मदत करणार? हे करवत चालवायचे, मी नुसती फळीवर बसायचे."
त्या 'नुसती' या शब्दाने मला पुढचे काही महिने स्वस्थ बसू दिले नाही.

३/ आधी यामागचे साधे यंत्रशास्त्र पाहू. करवत लाकडाला ढकलते, म्हणजे लाकूड पुढे सरकू पाहते. रंधा मारताना, पटाशीवर ठोकताना, लोखंडावर कानस चालवताना हेच घडते. कारागिराचे दोन्ही हात अवजारावर गुंतलेले असतात. लाकूड हलले तर घाव चुकतो, आणि चुकलेला घाव पुष्कळदा बोटावर बसतो. म्हणून प्रत्येक कारागिराला एक तिसरा हात लागतो. तो मिळवण्याचे मार्ग इतिहासात मुख्यतः चार आहेत : स्वतःचे शरीर, दुसऱ्याचे शरीर, वजन-पाचर-दोरी, आणि क्लॅम्प.

४/ पहिला मार्ग आपल्याकडचा ओळखीचा. जमिनीवर बसायचे, लाकडाचे एक टोक पायाच्या तळव्याखाली किंवा अंगठा-बोटांच्या बेचक्यात दाबायचे आणि हातांनी काम करायचे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १८६५ ते १८७५ या काळात शिकवणाऱ्या जॉन लॉकवुड किप्लिंग यांनी कामावर असलेल्या हिंदी कारागिरांची जी रेखाचित्रे काढली, त्यांत जमिनीवर बसून काम करणारे कारागीर दिसतात. जपानी सुतारही शतकानुशतके जमिनीलगत, पायांचा आधार घेत काम करत आले आहेत.

५/ वासाहतिक काळातल्या अनेक युरोपीय निरीक्षकांना ही पद्धत मागासलेली वाटली. बाक नाही, शिकंजा नाही, पायाने लाकूड धरतात! दुर्दैवाने आपल्या पाठ्यपुस्तकी इतिहासातही हा सूर कुठे कुठे झिरपला आहे. माझे मत वेगळे आहे. पाय हा क्षणात आवळणारा, क्षणात सुटणारा आणि लाकडाची थरथर थेट मेंदूला कळवणारा क्लॅम्प आहे. लाकूड वळवायचे तर काही सोडावे-कसावे लागत नाही. लहान, वारंवार फिरवाव्या लागणाऱ्या वस्तूंसाठी त्याच्याइतके चपळ साधन दुसरे क्वचितच असेल.

६/ अर्थात त्याच्या मर्यादाही प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. पाय थकतो. पायाला इजा होते. लोखंडाचा तुकडा कानशीने घासताना लागणारा दाब तो देऊ शकत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाय रात्रभर धरून ठेवू शकत नाही. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवावा, त्याकडे परत यायचे आहे.

७/ आता युरोपकडे वळू, कारण क्लॅम्पचा लेखी आणि चित्रित पुरावा तिथे सलग सापडतो. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम नगरातील एका भित्तिचित्रात पंख असलेली बालके सुतारकाम करताना दाखवली आहेत. त्यांचे बाक ठेंगणे आहे आणि लाकूड जागेवर दाबून धरण्यासाठी बाकात एक लोखंडी आकडा ठोकलेला दिसतो. जर्मनीतील सालबुर्ग या रोमन किल्ल्याच्या विहिरीतून दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे तसेच ठेंगणे बाक मिळाले. अशा बाकावर लाकूड ठेवून कारागीर त्यावरच बसू शकतो. म्हणजे ज्या रोमला युरोपने आपला पूर्वज मानले, त्या रोमचा सुतारही पुष्कळदा अंगाच्या वजनानेच लाकूड धरत होता!

८/ त्या लोखंडी आकड्याची करामत पाहण्यासारखी आहे. बाकाला आरपार भोक असते. आकड्याचा दांडा त्या भोकात सैलसर बसतो. आकड्याच्या डोक्यावर हातोडीचा एक ठोका दिला की दांडा भोकात किंचित तिरका होऊन अडकतो आणि आकड्याचे टोक लाकूड दाबून धरते. मागून एक ठोका दिला की सुटतो. यात स्क्रू नाही, दोरी नाही, पाचर नाही. आजही जगभरचे हौशी सुतार हा आकडा जसाच्या तसा वापरतात.

९/ या आकड्याचे फ्रेंच नाव आहे 'वाले', म्हणजे सेवक, हरकाम्या नोकर. स्वतः सुतार असलेल्या आंद्रे-जाकोब रूबो यांनी १७६९ ते १७७५ या काळात प्रसिद्ध केलेल्या सुतारकामावरील विस्तृत ग्रंथात हे बाक आणि हा 'सेवक' सविस्तर येतो. भाषेने इथे एक गुपित फोडले आहे. जे काम आज लोखंडाचा आकडा करतो, ते आधी कोण करत असे? कोणीतरी नोकर, कोणीतरी पोरगा, कोणीतरी शिकाऊ उमेदवार. वस्तू आली आणि माणसाचे नाव तेवढे तिला चिकटून राहिले.

१०/ इतर भाषांतही असेच काही सापडते. इंग्रजी 'व्हाइस' हा शब्द फ्रेंचमधल्या स्क्रूवाचक शब्दातून आला आणि त्याच्या मुळाशी आहे द्राक्षवेलीचा लॅटिन शब्द, कारण स्क्रू वेलीच्या ताण्यासारखा वळसे घेत जातो. आपला 'शिकंजा' फारसीतून आला. फारसीत त्या शब्दाचा अर्थ छळ, यातना. एकाच कामाच्या वस्तूला कुणी वेल म्हटले, कुणी नोकर, कुणी यातना.

११/ आता स्क्रूविषयी. स्क्रूचे तत्त्व प्राचीन आहे. पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने स्क्रूवर चालणाऱ्या दाबयंत्रांचे वर्णन केले. द्राक्षे आणि ऑलिव्ह पिळण्यासाठी रोमन लोक ती वापरत. पंधराव्या शतकाच्या मध्यावर गुटेनबर्गने त्याच प्रकारच्या दाबयंत्रावर पुस्तके छापली. पण सुताराच्या बाकाला जोडलेला स्क्रूचा शिकंजा आपल्याला स्पष्टपणे दिसतो तो न्यूरेंबर्गच्या मार्टिन लोफेलहोल्ट्झ यांच्या १५०५ सालच्या सचित्र हस्तलिखितात. म्हणजे हेरॉननंतर जवळजवळ चौदा शतकांनी.

१२/ एवढा उशीर का? एक मोठे कारण म्हणजे आटे पाडण्याचे कष्ट. दाबयंत्राचा लाकडी स्क्रू जाडजूड असतो, त्याचे आटे हाताने कोरता येतात आणि थोडे कमीजास्त झाले तरी चालते. हातात मावेल असा लोखंडी स्क्रू करायचा तर प्रत्येक आटा कानशीने घासून काढावा लागे आणि त्याच्या मापाची चाकीही वेगळी करावी लागे. दाबयंत्रावर गावाची द्राक्षे पिळली जात, म्हणून तो खर्च परवडे. एका सुताराच्या एका फळीसाठी तो कोण करणार? त्यापेक्षा पोरगा स्वस्त होता. हे वाक्य कठोर आहे, पण अवजारांचा इतिहास अशाच कठोर हिशेबांनी पुढे सरकतो.

१३/ स्क्रू नेमके काय साधतो? क्लॅम्पची दांडी मध्यापासून ५ सेंटिमीटरवर धरून एक फेरा दिला तर हात सुमारे ३१ सेंटिमीटर फिरतो. आट्यांतील अंतर २.५ मिलिमीटर असेल तर स्क्रू तेवढाच पुढे जातो. म्हणजे जोर कागदावर सव्वाशे पट होतो. हाताने १० किलोचा जोर लावला तर हिशेब साडेबाराशे किलोंचा. यातला बहुतेक भाग घर्षणात जातो. दहावा हिस्सा उरला असे धरले तरी तो सव्वाशे किलो झाला. माझी आजी उभ्या आयुष्यात पंचेचाळीस किलोंच्या वर गेली नाही.

१४/ आणि ज्या घर्षणाला आपण तोटा समजतो, तेच क्लॅम्पचे मर्म आहे. घर्षण नसते तर हात काढताच स्क्रू उलटा फिरून सैल पडला असता. घर्षणामुळे तो आहे तिथेच थांबतो. आता सहाव्या मुद्द्यातला 'रात्रभर' आठवावा. दोन फळ्या सरसाने जोडायच्या तर सरस सुकेपर्यंत त्या दाबून ठेवाव्या लागतात. तासन्‌तास कोणताही पाय, कोणताही पोरगा हे करू शकत नाही. म्हणून लोक दगड ठेवत, पाचरी ठोकत, दोरी गुंडाळून तिला काठीने पीळ देत. क्लॅम्पने आणलेली खरी नवी गोष्ट ही : माणूस निघून गेला, झोपला, तरी धरणे चालूच राहते.

१५/ यानंतरची गोष्ट लंडनची. १७८९ च्या सुमारास हेन्री मॉडस्ले नावाचा अठरा वर्षांचा तरुण जोसेफ ब्रामा यांच्या कारखान्यात काम मागायला गेला. सात वर्षांची रीतसर उमेदवारी त्याने केली नव्हती, म्हणून तिथल्यांनी नाके मुरडली. सॅम्युएल स्माइल्स यांनी १८६३ मध्ये लिहिलेल्या हकिगतीनुसार मॉडस्लेने कोपऱ्यातल्या एका झिजलेल्या शिकंजाकडे बोट दाखवले आणि संध्याकाळी सहाच्या आत तो नव्यासारखा करून दाखवतो म्हणाला. त्याने तो केला आणि त्याला नोकरी मिळाली. स्माइल्स चरित्रनायकांवर जरा जास्तच प्रेम करतात, हे ध्यानात घेऊन ही गोष्ट वाचावी. तरीही कारागिराची परीक्षा शिकंजावर व्हावी हे मला अर्थपूर्ण वाटते.

१६/ याच मॉडस्लेने पुढे लेथवर कापणारे पाते हातात न धरता सरकत्या पकडीत घट्ट बसवण्याची पद्धत परिपूर्ण केली आणि १८०० च्या सुमारास अचूक आटे पाडणारा लेथ उभा केला. आजवर क्लॅम्प फक्त लाकूड किंवा लोखंड धरत होता, आता तो अवजारही धरू लागला. कार्ल मार्क्सच्या १८६७ च्या 'भांडवल' ग्रंथातही याची दखल आहे. या साधनाने एखाद्या अवजाराची नव्हे तर प्रत्यक्ष हाताची जागा घेतली, असा त्याचा आशय आहे. औद्योगिक क्रांती आपण वाफेच्या इंजिनाने सांगतो. माझ्या मते ती पकडीच्या अंगानेही सांगितली पाहिजे, कारण त्या इंजिनाचे भाग मापात कापायचे तर आधी काहीतरी न हलता धरले जायला हवे होते.

१७/ पकडीची ताकद किती, याचा पुरावा पोर्ट्समथच्या गोदीत मिळतो. ब्रिटिश नौदलाला शिडांच्या दोरांसाठी दरवर्षी प्रचंड संख्येने लाकडी कप्प्या लागत. मार्क ब्रुनेल यांच्या रचनेनुसार मॉडस्लेने १८०२ पासून पुढच्या काही वर्षांत त्यासाठी ४५ यंत्रे बनवली. पहिल्या यंत्राची पकड लाकडावर ठरावीक जागी खुणा उमटवी आणि पुढची यंत्रे त्याच खुणांत लाकूड धरत, म्हणून प्रत्येक कप्पी मापात येई. १८०८ मध्ये तिथे सुमारे १,३०,००० कप्प्या तयार झाल्या. पूर्वी ११० कुशल कारागीर लागत, तिथे १० अकुशल माणसे पुरू लागली.

१८/ म्हणून क्लॅम्पला निव्वळ मुक्तिदाता म्हणण्याच्या मोहात मी पडणार नाही. ज्या वस्तूने पोराचे हात मोकळे केले, तिनेच शंभर कारागिरांचे हात रिकामे केले. मोकळे आणि रिकामे या दोन शब्दांतले अंतर इतिहासाच्या विद्यार्थ्याने कधी विसरू नये.

१९/ पुढचा प्रवास थोडक्यात. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी आट्यांचे एकसारखे माप सुचवले. तोवर प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. मापे एकसारखी झाली तसा स्क्रू ही बाजारात सहज मिळणारी वस्तू होत गेली. विसाव्या शतकात नेब्रास्कातील डिविट या खेड्यात विल्यम पीटरसन या डॅनिश लोहाराने दाबल्यावर तशीच अडकून राहणारी पकड बनवली, १९२४ मध्ये तिच्या कुलपासारख्या खटक्याचे पेटंट घेतले आणि 'व्हाइस-ग्रिप' हे नाव जगभर गेले. जर्मनीत बेसी कंपनीने १९३६ मध्ये संपूर्ण पोलादी क्लॅम्प आणला. २००८ साली डिविटचा कारखाना बंद होऊन उत्पादन चीनला गेले. हात पुन्हा एकदा मोकळे झाले की रिकामे, हे त्या खेड्यातल्या माणसांना विचारावे.

२०/ आता पुन्हा पडवीत येऊ. आजीने सांगितले की माझे वडील शाळेत असताना आजोबांनी जुन्या बाजारातून दोन सी-क्लॅम्प आणले. ते पहिल्यांदा फळीला लावले, तेव्हा आजोबा तिला म्हणाले, "आता तू जा आत, तुझी कामं कर." मी विचारले, "मग बरं वाटलं का तुला?" ती क्षणभर थांबली. म्हणाली, "पाठ दुखायची थांबली. पण पडवीत बसून सगळं कळायचं. कोणाचं दार, कोणाची खाट, कोणी पैसे बुडवले. मग ते कळेनासं झालं."

२१/ एवढ्या दोन वाक्यांत क्लॅम्पचा सारा इतिहास आला. श्रम वाचला आणि कामातली जागाही गेली. ती जागा कुठे नोंदलेलीच नव्हती, त्यामुळे ती गेल्याचीही नोंद नाही. आमच्या घरात आजही 'आजोबा सुतार होते' असे म्हणतात. आजी कोण होती, हे कोणी म्हणत नाही. करवत आमच्या भिंतीवर टांगलेली आहे. ज्या वजनामुळे ती करवत सरळ चालली, ते वजन स्वयंपाकघरात आहे.

२२/ हे केवळ आमच्या घराचे दुखणे असते तर मी धागा लिहिला नसता. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, कुंभार यांसह १८ व्यवसाय आहेत आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आहे. योजना स्वागतार्हच आहे. पण तिचा लाभ एका कुटुंबातील एकाच व्यक्तीला मिळतो. निधीच्या दृष्टीने तो नियम समजण्यासारखा आहे. इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्यातून जुनीच समजूत पुढे चालते, की एका कुटुंबात कारागीर एकच असतो आणि बाकीचे नुसते बसलेले असतात. लाभ एकालाच द्यायचा असेल तर द्यावा, पण नोंद तरी सर्वांची व्हावी. कुंभाराची माती कोण मळते, लोहाराचा भाता कोण ओढते, हे लिहून ठेवायला असा कितीसा कागद लागतो?

२३/ आक्षेप ठाऊक आहे : "धरणे हे काही कौशल्य नव्हे, कोणीही करील." ज्यांना असे वाटते त्यांनी एकदा लांब फळीच्या टोकावर बसून पाहावे. करवत पुढे जाईल तसे मागे सरकावे लागते. शेवटच्या बोटभर अंतरावर वजन चुकले तर फळी चिरफाळते आणि दिवसाचे श्रम वाया जातात. आजीला हे सगळे येत होते. तिला ते कौशल्य वाटत नव्हते, कारण तसे तिला कोणी कधी सांगितले नव्हते.

२४/ संग्रहालयांकडे आणि आपल्या पिढीच्या अभ्यासकांकडे म्हणून माझे एकच मागणे आहे. अवजार मांडताना ते काम करताना कसे धरले जाई आणि कोण धरत असे, तेही मांडावे. करवतीशेजारी बाक, आकडा, क्लॅम्प असावा, आणि जिथे यातले काहीच नव्हते तिथे माणूस होता हे पाटीवर लिहावे. मौखिक इतिहास गोळा करताना "तुम्ही काय काम करत होता?" एवढ्यावर थांबू नये. "काम चालू असताना तुम्ही कुठे बसत होता?" हेही विचारावे. मला उत्तर त्या दुसऱ्या प्रश्नानेच मिळाले.

२५/ तुमच्या घरी जुने बाक, शिकंजा, लाकडी स्क्रूचा क्लॅम्प असेल तर छायाचित्र आणि त्याचे तुमच्याकडचे नाव खाली जरूर सांगा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो घरात येण्याआधी त्याच्या जागी कोण होते, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहा. माझ्या प्रबंधाच्या अर्पणपत्रिकेत मी आजीचे नाव लिहिले आहे आणि त्यापुढे व्यवसाय लिहिला आहे : सुतार. तिला वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "काहीतरीच तुझं." मग थोड्या वेळाने म्हणाली, "परत वाच बघू."

धागा समाप्त.